तात्याचा राहिलेला नेम

माणूस गेला, आणि त्यानं धरलेला नेम अर्ध्यावर राहिला, तर तो उरलेला नेम कुणाचा?

हे मी तीन शहाण्या माणसांना विचारलं. उत्तर एकानंही दिलं नाही. ज्यांना विचारलं नाही त्यांनी मात्र किस्से दिले. घरात माणूस गेलं की असंच होतं. भेटायला येणारा अंगणात पाय धुतो, घोंगड्यावर टेकतो आणि हळूच म्हणतो, "तुमच्या तात्याचं एक सांगू का?" सांगून झालं की त्याला हलकं वाटतं. तो उठून जातो, किस्सा आमच्याकडं राहतो. पलूसच्या आमच्या सोप्यात असे इतके साचलेत की आता कुणी आलं की आई आत निघून जाते आणि ऐकायचं काम माझ्याकडं येतं. मी पण दमलोय. म्हटलं, एकदा सगळे एका जागी सांगून टाकावेत. मग ज्याला हवे त्यानं न्यावेत.

तात्या म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीपती. आमच्या घरातनं कॉलेजात गेलेला पहिला. गेल्या हिवाळ्यात विषमज्वरानं गेला. मी शिकलेलो नाही. मराठी चौथीत मास्तरांनी उगीच मारलं, मी पाटी त्यांच्या अंगावर फेकली आणि घरी आलो, तो कायमचाच आलो. त्यामुळं यात कुठं इकडचं तिकडं झालं असेल तर सांभाळून घ्या.

सांगलीत नदीच्या अंगाला दत्ताचा एक मठ आहे. कॉलेजात शिकणारी बाहेरगावची दहा-बारा पोरं तिथल्या लांब ओसरीत राहायची. मठ सांभाळायचे अप्पा. अंगावर भगवं नाही, जटा नाहीत. मळकट धोतर आणि कायमचा खोकला. पोरं घर सोडून आलेली, इंग्रजीला घाबरलेली, रात्री आईच्या आठवणीनं कुशीवर वळणारी. त्यांना अप्पा उपदेश मात्र कधी करायचे नाहीत. म्हणायचे, दिवसभर कॉलेजात भाषणंच ऐकता, इथं तरी कानाला सुट्टी द्या.

ते फक्त नेम द्यायचे. गुरुपौर्णिमेला प्रत्येक पोराला एक नेम, तो परीक्षा संपेपर्यंत पाळायचा. आणि ज्याला जे जमणार नाही नेमका तोच नेम त्याला! बडबड्याला मौन, उतावळ्याला वाट बघायचं काम. नेम मोडायचा नाही. कुणी आजारी पडलं, गावाला गेलं, तर त्याचा नेम दुसऱ्यानं चालवायचा. त्याला पोरं 'बदली' म्हणायची. पहिल्या वर्षी कुणीतरी विचारलं, की अप्पा, बदलीचं देवाला चालतं का? अप्पा म्हणाले, "त्याला काम झालेलं पाहिजे. कुणी केलं ते तो बघत बसत नाही."

तात्याला नेम मिळाला पहाटे काकडआरतीसाठी सगळ्यांना उठवायचा. ओरडायचं नाही, हलवायचं नाही, पांघरूण ओढायचं नाही. शेजारी बसायचं, नावानं हाक मारायची आणि तो उठेपर्यंत बसून राहायचं. हे ऐकून मी घरी पोट धरून हसलो होतो. मला तो लाथेनं उठवायचा.

*

गजानन वाईचा. घरी भिक्षुकी, अंगानं गोल आणि तोंडाला खंड नाही. त्याला अप्पांनी दर सोमवारी दुपारपर्यंत मौन दिलं होतं. आणि नेमकी कॉलेजातली वक्तृत्व स्पर्धा आली सोमवारी सकाळी.

गजानन तात्याच्या मागं लागला. एवढा एक सोमवार माझं मौन तू घे, मला ढाल आणायची आहे. तात्यानं घेतलं.

तिकडं वर्गात प्रोफेसरांनी नेमका तात्यालाच प्रश्न विचारला. तात्या उभा राहिला. उत्तर येत होतं, पण बोलता येत नव्हतं. प्रोफेसरांनी वाट बघितली. तात्यानं नुसतं त्यांच्याकडं बघून मान लववली. प्रोफेसर पोरांना म्हणाले, "उत्तर येत नसताना गप्प बसणारा या वर्गातला हा पहिलाच विद्यार्थी. टाळ्या वाजवा." वर्गानं टाळ्या वाजवल्या.

इकडं गजानन व्यासपीठावर गेला. 'अध्यक्षमहाराज' म्हणाला आणि पुढचं सगळं विसरला. छताकडं बघत तो तसाच उभा राहिला, घंटा होईपर्यंत.

संध्याकाळी अप्पांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "बरं झालं. आज मौन दोघांनी पाळलं."

*

सहामाही परीक्षा आली तशी पोरांना नेमाचे उपास जड जायला लागले. कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, कुणाची एकादशी. पोटात काही नसलं की अभ्यास डोक्यात शिरत नाही म्हणायचे. गजानन पुढं झाला. म्हणाला, द्या सगळे माझ्याकडं, मित्र कशाला असतात?

पोरांना त्याचं लई कौतुक वाटलं. आठवड्यातले पाच-सहा दिवस तो उपास धरायला लागला. चेहरा गंभीर, आवाज खाली.

आता या लढाईच्या दिवसांत रेशनचे तांदूळ म्हणजे निम्मे खडे आणि निम्मे किडे. उपासाला मात्र मठात रताळी, शेंगदाण्याचे लाडू, केळी, वाटीभर दूध. आणि बदलीचा रिवाज असा, की ज्याचा उपास धरला त्याच्या वाटणीचा फराळही धरणाऱ्याकडंच. म्हणजे एका गुरुवारी तिघांचे उपास धरले की तिघांची रताळी!

सहामाही संपेपर्यंत गजाननच्या सदऱ्याची बटणं लागेनात. तात्यानं ते अप्पांना दाखवलं. अप्पांनी गजाननला नीट निरखून बघितलं आणि आचाऱ्याला बोलावून सांगितलं, "याला एक दिवस जेवायला घाला. उपास करून करून मरेल बिचारा."

*

हुसेन मिरजेचा. घर जवळच, पण घरात माणसं उदंड आणि दिवा एक, म्हणून अभ्यासाला तो मठातच झोपायचा. मठाच्या पंचांपैकी एकाला ते खटकलं. अप्पा त्यांना म्हणाले, की दत्त कुठल्या वेशात दारात येईल सांगता येत नाही, मी उगीच दार लावून जोखीम का घेऊ? हुसेनला अप्पांनी वेगळा नेम दिला नाही. तुझा तुझ्याकडं आहेच म्हणाले, दिवसातनं पाच वेळा, तोच चुकवू नको. त्यामुळं तात्याला हुसेनला सगळ्यांच्या आधी उठवायला लागायचं. तात्या कुरकुरायचा, की या बाबाच्या देवाला लई लवकर जाग येते.

रमजानात हुसेनला ताप भरला. डॉक्टरनं रोजे बंद केले. तात्यानं त्याला न विचारताच बदली धरली. पहाटेपासून पाणी नाही, थुंकी गिळायची का नाही तेही कळेना म्हणून ती पण थुंकत बसला. दुपारी हुसेनला पत्ता लागला.

तो म्हणाला, "गड्या, आमच्यात बदली नसती. बरा झालो की माझे मीच धरणार. तू कशाला मरतुयास?"

तात्या म्हणाला, "मग ह्यो माझा म्हन. धरलाय तर सोडत न्हाई."

संध्याकाळी हुसेनची आई लेकाला बघायला मिरजेहून टांग्यानं आली. तिला ही हकिगत कळल्यावर तिनं आधी हुसेनला झापलं, मग तात्याला. आणि सूर्य बुडाल्यावर समोर बसवून त्याला खजूर खायला घातले, लहान पोराला घालतात तसे. दुसऱ्या दिवसापासून तिचा डबा यायला लागला तो दोघांचा.

डब्याचं झाकण उघडल्यावर जो वास सुटला तो गजाननपर्यंत गेला. तो येऊन म्हणाला, उद्या मी पण एक रोजा धरीन म्हणतो. हुसेननं त्याला सांगितलं, की दिवसभर पाणीसुद्धा चालत नाही.

गजानन रताळ्यांकडं परत गेला.

*

आता दिनकरचं. हे मला तात्यानं स्वतः सांगितलंय, दिवाळीला घरी आल्यावर, उसाला पाणी पाजताना.

दिनकर साताऱ्याच्या वकिलांचा मुलगा. जाड जाड पुस्तकं वाचायचा आणि देव नाही म्हणायचा. वडिलांनी मुद्दाम मठात ठेवला, सरळ होईल म्हणून. पहिल्याच दिवशी त्यानं अप्पांना सांगितलं, माझा देवावर विश्वास नाही.

अप्पा म्हणाले, "नसू दे. पण नीट नसू दे. परीक्षा जवळ आली की चोरून हात जोडायचे, ते चालणार नाही."

आणि त्याला तोच नेम दिला. आरती चालू असताना बाहेर पायरीवर बसायचं, हात जोडायचे नाहीत, मान लववायची नाही. सगळ्यांत नेमानं नेम पाळला तो दिनकरनं. पावसात सुद्धा छत्री घेऊन पायरीवर!

आश्विनात त्याची आजी आजारी पडली म्हणून तो साताऱ्याला गेला. नेमाची बदली आली तात्याकडं. म्हणजे तेवढे दिवस तात्याला देव न मानणं भाग होतं. आमच्या घरात गोठ्यात जाताना सुद्धा उंबऱ्याला हात लावून जायची सवय. आत घंटा वाजली की तात्याचे हात आपोआप वर यायचे. मग तो डोकं खाजवल्यासारखं करायचा. शेवटी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायला लागला. आत गजानन आरती चुकीची म्हणत होता, ती दुरुस्त करायची पण सोय नव्हती.

दिनकर आला तेव्हा तात्या त्याला म्हणाला, "लई अवघड हाय गड्या. तू रोज कसं करतुयास?"

दिनकर सगळ्यांना सांगायचा, की आपल्या साधनेची कदर करणारा हा एकच माणूस भेटला.

*

मग तात्याला ताप आला. पोरांनी त्याला टांग्यात घालून मिरजेच्या इस्पितळात नेलं. मी पलूसहून गेलो. वडील गुऱ्हाळ टाकून येऊ शकत नव्हते.

मठात त्याचा नेम पोरांनी वाटून घेतला. त्यात दिनकर पण. देव नाही म्हणणारा माणूस पहाटे उठून सगळ्यांना देवासाठी उठवत होता. गजानन म्हणायचा, की नास्तिक उठवायला आला की लोळत पडायला लाज वाटते.

इकडं इस्पितळात तात्याला तापात वात होऊन भ्रम झाला. दिवसभर ग्लानीत असायचा, पण पहाट झाली की अंथरुणातनं हाका सुरू. "गजा, ऊठ. हुसेन, ऊठ. दिनू, ऊठ." आवाज हळू, ओरडणं नाही. हाक मारायचा, थांबायचा, परत मारायचा. वॉर्डातले दुसरे रोगी उठून बसायला लागले. तासगावकडचा एक म्हातारा होता, हर्नियाचा. तो तर उठून तोंड धुऊन टोपी घालून बसायचा. मी त्याला म्हटलं, आजोबा, तुम्ही झोपा, तो तुम्हाला नाही उठवत. म्हातारा म्हणाला, "आरं, एवढ्या मायेनं कोन उठवतंय आता. उठतो की."

माझं नाव तात्यानं एकदाही घेतलं नाही. मी शेजारीच बसलेलो होतो, जागा. मला कशाला उठवील?

मग तो गेला. हा किस्सा नाही.

*

तात्याचं तेरावं झालं आणि वडिलांनी मला सांगितलं, की मठात जा आणि त्याची ट्रंक घेऊन दुसऱ्या दिवशी परत ये. गुऱ्हाळाला माणूस कमी आहे.

निघताना आईनं मला परड्यात गाठलं. म्हणाली, "ट्रंका काय, कवाबी येतील. त्येचं अर्धं राहिलंय तिथं. ते तसंच टाकून आलास तर जीव तिथंच घुटमळंल त्येचा. न्हाई सुटायचा."

"मग काय करू?"

"मला काय ठावं? तू भाऊ हाईस न्हवं?"

सर्व्हिस मोटारीच्या टपावर बसून सांगलीपर्यंत मी तेच डोक्यात घोळवत होतो. पोरं नेम चालवत होती हे खरं. पण बदली जित्या माणसाची असते. तो परत येणार असतो म्हणून त्याचं काम तेवढं सांभाळायचं. येणारच नसला तर? मठात पोचल्या पोचल्या अप्पांना विचारलं. ते खोकले. पुष्कळ वेळ खोकले. मग म्हणाले, "जेवला आहेस का?"

मी ट्रंक उचलली नाही. तात्याचं अंथरूण सोडलं आणि त्यावर झोपलो. परीक्षा संपेपर्यंत हलणार नाही, असं मनाशी ठरवून टाकलं. वडिलांचा निरोपावर निरोप येत राहिला.

पहिल्या पहाटे मी स्वयंपाकघरातनं परात आणि पळी घेतली आणि ओसरीत उभा राहून बडवली. गजाननचं पांघरूण ओढून काढलं. तो घाबरून उठला तो सरळ खांबावर आदळला. हुसेनला वाटलं बाँब पडला, तो भिंतीला चिकटला. सगळी ओसरी एका दमात उठून उभी! मला वाटलं, काम फत्ते.

अप्पा दारात आले. परातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "हा तुझा झाला. त्याचा कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी मी परात घेतली नाही. शेजारी बसलो, हाक मारली. गजानन 'हूं' म्हणाला आणि कूस बदलली. परत मारली. हात शिवशिवत होते. बसून राहायचं हे एवढं अवघड असतं हे मला माहीत नव्हतं. मी खूप लाथा खाल्ल्यात तात्याच्या, आणि हा माणूस इथं रोज एकेका शेजारी असा बसत होता.

*

पंचांना वाटलं, पोरांच्या मनावर मित्राच्या जाण्याचा परिणाम झालाय, त्यांना चार शब्द ऐकवावेत. त्यांनी साताऱ्याहून एक शास्त्रीबुवा आणले. चौरंग, हार, समोर चांदीच्या पेल्यात केशरी दूध झाकून ठेवलेलं.

शास्त्रीबुवा लई वेळ बोलले. देह म्हणजे मातीचं भांडं, त्याचा शोक करू नये. पोरं माना खाली घालून बसली होती. बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, कुणाला काही शंका?

मी उठलो आणि विचारलं. अर्धा राहिलेला नेम कुणाचा?

शास्त्रीबुवा म्हणाले, "प्रश्न उत्तम आहे. बसा."

मी म्हटलं, "उत्तर बी उत्तमच आसंल. द्या की."

ते पंचांकडं बघायला लागले. पंच माझा सदरा ओढायला लागले. मला एकदम काय झालं कळलं नाही. मी पुढं गेलो, पेल्यावरचं झाकण काढलं आणि ते केशरी दूध उभ्याउभ्या पिऊन टाकलं. सगळं. पेला चौरंगावर ठेवला आणि बाहेर गेलो.

मला वाटलं, आता अप्पा ट्रंक माझ्या डोक्यावर देतात. ते मागनं आले, पायरीवर माझ्या शेजारी टेकले. दम लागला होता. म्हणाले, "साखर पुरेशी होती का? रेशनची, म्हणून जरा हात आखडून घातली होती."

*

ज्यांना विचारलं त्यातला तिसरा माणूस म्हणजे मिरजेचे म्हातारे गोरे पाद्रीसाहेब. इस्पितळात रोग्यांजवळ येऊन बसायचे, कॉलेजच्या पोरांना पण भेटायचे. तात्याचा एक तांब्या इस्पितळात राहिला होता, तो आणायला मी गेलो तेव्हा ते व्हरांड्यात बाकावर संत्रं सोलत बसले होते. त्यांना पण विचारून टाकलं.

त्यांनी विचार केला. मग त्यांच्या त्या पुस्तकी मराठीत म्हणाले, "मला ठाऊक नाही."

एवढं सरळ कुणीच बोललं नव्हतं. मी खाली बसलो. त्यांनी अर्धं संत्रं मला दिलं. थोड्या वेळानं म्हणाले, "तुमच्या भावाने एकदा माझे नाव विचारले होते. नंतर एका पहाटे मी त्याच्याजवळ खुर्चीत झोपी गेलो. आपण दूध आणावयास गेला होता. त्याने मला नावाने हाक मारली. माझी आई वारल्यापासून मला त्या नावाने कोणी उठविले नव्हते."

मी संत्रं तसंच हातात धरून बसलो. मोटार येईपर्यंत ते पण बसून राहिले.

*

परीक्षा संपली. शेवटच्या पेपराच्या संध्याकाळी पोरं सिनेमाला गेली, रात्री आवाज करत आली, मी तात्याच्या अंथरुणावर पडून होतो. उद्याची पहाट शेवटची. तेवढी झाली की नेम पुरा. आईला जाऊन सांगायचं, झालं गं.

सातारा-वाईकडं जाणारी सर्व्हिस मोटार पहाटेच निघायची. मी नेहमीच्या वेळेला उठलो. रॉकेल संपत आलं होतं, कंदिलाची वात बारीक केलेली. आत गाभाऱ्यात अप्पांच्या खोकल्याचा आवाज येत होता. समई लागलेली, काकडा तयार, ते थांबले होते.

ओसरीत मी कंदील वर धरला. खांबापाशी सगळ्यांच्या वळकट्या बांधून उभ्या केलेल्या. ट्रंकांना कुलपं. आणि पोरं ओळीनं झोपलेली, फरशीवर, खाली काही नाही. कुणी धोतर अंगावर घेतलेलं, कुणी नुसता पंचा तोंडावर. गजाननच्या डोक्यावर टोपी होती, गळ्यात उपरणं. हुसेन झोपला होता, पण त्याची दाढी ओली होती, पाणी अजून गळत होतं.

मी हुसेनपाशी बसलो. हाक मारली. त्यानं डोळे चोळले, आळस दिला, उठून बसला. गजाननपाशी बसलो. त्यानं मोठी जांभई दिली, एवढी मोठी की पलीकडच्या पोराच्या पोटात हसू दाबल्याचा आवाज आला. मी एकेकाच्या शेजारी बसलो, एकेकाचं नाव घेतलं. एकेक जण उठत गेला. हुसेन त्याच्या नमाजाला, बाकीचे टोपी नीट करत आत आरतीला गेले.

दिनकर सगळ्यांत शेवटी. कोट घातलेला, पायात बूट, नाड्या बांधलेल्या, हात उशाला. तो डोळे घट्ट मिटून पडला होता. बाहेर कोपऱ्यावर मोटारीचा भोंगा वाजला. क्लीनर सातारा, सातारा म्हणून ओरडत होता.

मी शेजारी बसलो. म्हटलं, "दिनू, ऊठ."

तो हलला नाही. भोंगा परत वाजला.

"दिनू, ऊठ."

त्यानं डोळे उघडले नाहीत. भिंतीकडं तोंड केलं आणि म्हणाला, "पाच मिनिटं झोपू दे रे, तात्या."

मी कंदील खाली ठेवला आणि त्याला पाच मिनिटं दिली.